गेलेल्या माणसाचे कागद



आपल्याकडे घरातले माणूस गेले म्हणजे पुढे काय करायचे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. निरोप कोणाला धाडायचा, खांदा कोणी द्यायचा, दहाव्याला घाटावर कोणी जायचे, तेराव्याला पंगतीला कोण कोण बसायचे, हे सारे गावाला पाठ असते. घरात एखादा अडाणी पोरगा असला तरी चार वडीलधारी माणसे त्याला हाताला धरून सगळे करवून घेतात. परंतु तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, की त्यानंतर एक काम उरते. आणि त्या कामाला मात्र हात धरणारे कोणी नसते. ते काम म्हणजे गेलेल्या माणसाच्या कागदांचे. त्याची जमीन, त्याचे बँकेतले खाते, त्याचे पेन्शन, त्याने भरलेला किंवा भरायचा राहिलेला कर, सोसायटीचे कर्ज, घराची पट्टी, शिधापत्रिका. माणूस गेला, पण कागदावर तो राहिलेलाच असतो. त्याला कागदावरून नीट, रीतीने निरोप कसा द्यावा, आणि तो वेळेवर दिला नाही तर मागे राहिलेल्यांचे काय होते, याविषयी आज मी चार गोष्टी आपल्याला सांगणार आहे.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहुपे नावाचे गाव आहे. घोड नदी याच डोंगरांत उगम पावते आणि खाली डिंभे धरणात येऊन थांबते. गावाच्या पलीकडे कडा तुटलेला. आहुपे घाटाच्या पायवाटेने उतरले की माणूस ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात पोचतो. वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला हिरडा. तालुक्याची कचेरी घोडेगावला. म्हणजे एका सहीसाठी जायचे म्हटले तरी अख्खा दिवस मोडतो, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

आहुप्याला माझे आजोळ. माझे मामा आश्रमशाळेत शिक्षक होते. निवृत्त होऊन गावीच राहिले. थोडी भातखाचरे, हिरड्याची काही झाडे, महिन्याचे पेन्शन आणि बँकेत ठेवलेली थोडी ठेव, एवढा त्यांचा संसार. एका श्रावणात ते गेले. आवणी नुकतीच उरकली होती. मागे मामी, एक मुलगा, दोन मुली. मुलींपैकी एक जुन्नर तालुक्यात दिलेली, दुसरी घाटाखाली मुरबाडकडे. तेराव्यानंतर मामींनी बियाण्याच्या कणगीमागून एक पत्र्याची पेटी ओढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “तू कॉलेजात शिकवतोस. यातलं काय ठेवायचं आणि काय चुलीत घालायचं, ते सांग.” मी म्हटले, “मामी, चुलीत काहीच घालू नका. आधी सगळं बघू.” पेटीत बँकेची जुनी पुस्तके होती, सातबाऱ्याचे पिवळे पडलेले उतारे होते, पेन्शनचा आदेश होता, पॅन कार्ड होते, सोसायटीच्या पावत्या होत्या, आणि माझ्या आजोबांच्या वेळचे एक तगाईचे चोपडेही होते. त्या पेटीच्या आधाराने मी आज बोलणार आहे. कारण थोड्याफार फरकाने अशी एक पेटी आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

पहिले काम मृत्यूच्या नोंदीचे. जन्म आणि मृत्यू नोंदण्याचा कायदा १९६९ सालचा. माणूस घरी वारला असेल तर घरच्यांनी २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत खबर द्यायची. इस्पितळात वारला असेल तर ती जबाबदारी इस्पितळाची. मुदतीत खबर दिली की दाखला विनामूल्य मिळतो. ३० दिवस उलटले की वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि विलंब शुल्क लागते. आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणजे जे काम गावच्या गावात एका सकाळी होते, तेच वर्षाने तालुक्याच्या आणि प्रांताच्या कचेरीत जाऊन बसते.

दाखला घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. दाखल्यावरचे नाव, सातबाऱ्यावरचे नाव आणि बँकेतले नाव एकच आहे का? आपल्याकडे एकाच माणसाला गाव एका नावाने हाक मारते, शाळेच्या दाखल्यावर दुसरे असते आणि तलाठ्याने तिसरेच लिहिलेले असते. कोठे मारुती, कोठे मारोती. कोठे आडनाव आहे, कोठे नाही. गावाला ठाऊक असते की माणूस एकच. कचेरीतल्या कागदाला ते ठाऊक नसते. नोंद करतानाच नाव नीट लिहून घेतले तर पुढच्या दहा हेलपाट्यांतले पाच वाचतात.

दुसरे काम वारसनोंदीचे, आणि खेड्यातल्या माणसाला सर्वांत महत्त्वाचे हेच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या १४९ व्या कलमात असे सांगितले आहे, की वारसाने जमिनीचा हक्क ज्याला मिळाला त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे. तोंडी कळवले तरी चालते, आणि तलाठ्याने त्याची लेखी पोच द्यायची. पोच मागायला संकोच करू नये. तो आपला हक्क आहे. आपण तलाठी किंवा भाऊसाहेब म्हणतो, त्यांचे सरकारी नाव २०२४ सालापासून ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. काम मात्र तेच आहे. अर्जाबरोबर मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ चे उतारे, आणि सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व वंशावळ दाखवणारे प्रतिज्ञापत्र द्यायचे. गाव नमुना सहा-क या वारसांच्या नोंदवहीत आधी नोंद होते. मग चौकशी, मग फेरफार, मग संबंधितांना नोटिसा. १५ दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी, ज्यांना आपण सर्कल म्हणतो, ते नोंद मंजूर करतात. आता हा अर्ज ई-हक्क नावाच्या सोयीने यंत्रावरूनही करता येतो. पण आहुप्यासारख्या ठिकाणी फोनची कळ दाबण्याआधी डोंगराच्या कोणत्या दगडावर उभे राहिले की संदेश जातो, हे शोधावे लागते. तेव्हा जुना कागदी अर्ज काही सोडू नये.

आता कोणी म्हणेल, “सातबाऱ्यावर बापाचं नाव राहिलं तर बिघडलं कुठं? जमीन आम्हीच कसतो, साऱ्या गावाला माहीत आहे.” बिघडते ते असे. धरा, आजोबांना चार मुले. आजोबा गेले, नोंद केली नाही. त्या चौघांना प्रत्येकी चार, म्हणजे सोळा. त्या सोळांना प्रत्येकी तीन, म्हणजे अठ्ठेचाळीस. पहिल्या दिवशी चार नावे लिहायची होती; साठ वर्षांनी अठ्ठेचाळीस माणसे शोधायची वेळ येते. त्यांतले कोणी मुंबईला, कोणी नारायणगावला, कोणी मुरबाडला. कोणाचा पत्ता नाही, आणि मध्ये वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले कोणी काढलेलेच नाहीत. एवढ्यात वादळ येते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा या डोंगरपट्ट्यात हिरड्याची झाडे आडवी झाली. पंचनाम्याला अधिकारी येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “खातेदार कोण?” खातेदार तर केव्हाच देवाघरी गेलेला असतो.

पीककर्जाचे तेच, पीकविम्याचे तेच. प्रधानमंत्री किसान सन्मान योजनेत शेतकऱ्याला वर्षाला ६,००० रुपये मिळतात. १ फेब्रुवारी २०१९ नंतर ज्याने नव्याने जमीन घेतली त्याला ते मिळत नाहीत. परंतु खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीला या अटीतून वगळले आहे. म्हणजे सरकारने वारसासाठी दार उघडे ठेवले आहे. पण त्या दारातून आत जायला सातबाऱ्यावर नाव हवे. तसेच शेतकऱ्याचा अपघाताने मृत्यू झाला, आणि त्यात भाताच्या खाचरात साप चावून झालेला मृत्यूही धरतात, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेखाली कुटुंबाला दोन लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते. त्याचा अर्ज मात्र महिन्याच्या आत तालुक्याच्या कृषी कचेरीत पोचवावा लागतो. ज्या घरात रडणे थांबलेले नाही, त्या घराने हे लक्षात ठेवावे अशी अपेक्षा करणे कठीण आहे. म्हणून शेजाऱ्याने आणि गावातल्या शिक्षकाने ते लक्षात ठेवले पाहिजे.

आपल्या मुलखात जमिनीच्या हक्कांची नोंदवही कायद्याने सुरू झाली ती १९०३ साली. तेव्हापासून शंभरांवर वर्षे लोटली, तरी मृतांची नावे उताऱ्यांवर इतकी साचली होती, की राज्य सरकारला त्यासाठी खास मोहीम काढावी लागली. प्रथम बुलढाणा जिल्ह्यात आणि मग १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ती चालली. तिला नाव दिले होते ‘जिवंत सातबारा’. नाव मोठे नेमके आहे. तलाठ्याने चावडीवर वाचन करायचे, मृत खातेदारांची यादी करायची आणि वारसांची नावे चढवायची, असा तिचा क्रम होता. परंतु मोहीम येते आणि जाते. मरण काही मोहीम पाहून येत नाही. म्हणून ज्याने त्याने आपल्या घरची नोंद वेळेवर करणे हाच खरा उपाय.

श्रोतेहो, आता मी जे सांगणार आहे ते थोडे नाजूक आहे. पण न सांगता पुढे गेलो तर हे भाषण केल्यासारखे होणार नाही. वारसनोंदीच्या अर्जात कोणाची नावे लिहायची? मामांच्या वेळी ओसरीवर बसलेल्या एका वडील गृहस्थांनी सहज सांगून टाकले, “मुलाचं एकट्याचं नाव लावा. पोरी दिल्या घरी सुखी आहेत. त्यांना घोडेगावला कोण आणणार?” यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. सोय पाहण्याची ती जुनी सवय. पूर्वी थोरल्या भावाच्या नावापुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असे लिहून बाकीच्यांची नावे सोडून देत, तीही सोयच होती. तिच्या पोटी किती भाऊबंदकी जन्माला आली, हे कोर्टाच्या आवारात जाऊन पाहावे.

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सारे पहिल्या वर्गातले वारस. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. परंतु याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात असे म्हटले आहे, की केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. महादेव कोळी ही अनुसूचित जमात आहे. म्हणजे आहुप्याच्या मुलीचा हक्क या कायद्यावर नव्हे, तर जमातीच्या रूढीवर येऊन ठेपतो. मग रूढी काय आहे, आणि ती सिद्ध कोणी करायची? १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी कुटुंबाच्या दाव्यात सांगितले, की मुलीला वाटा न देण्याची रूढी सिद्ध झालेली नसेल तर केवळ ती स्त्री आहे म्हणून तिला वगळता येणार नाही. तसे करणे समतेच्या तत्त्वाला सोडून होईल. माझ्या मते गावागावांत बसून विचार करण्याजोगी ही गोष्ट आहे.

आणखी एक दाखला घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या डोंगरपट्ट्यात ज्यांना वनजमिनीचे पट्टे मिळाले, ते पट्टे पती आणि पत्नी या दोघांच्या नावाने द्यायचे असतात. हा हक्क वारसाने पुढे जातो, विकता मात्र येत नाही. म्हणजे वनाच्या कागदावर जी बाई मालकीण आहे, तिचेच नाव भातखाचराच्या कागदावर लिहायला हात का अडखळावा?

वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे, हे सर्वांनी समजून घ्यावे. नाव लागले म्हणून बहीण उद्या बांध घालायला येत नाही. गेलेल्या माणसाच्या मागे कोण कोण आहे, एवढेच कागद सांगतो. मालकीचा तंटा झालाच तर त्याचा निकाल दिवाणी कोर्ट देते, तलाठी नव्हे. पुढे बहिणीला आपला हक्क भावासाठी सोडायचा असेल, तर नोंदणी केलेले हक्कसोडपत्र करून ती तो आनंदाने सोडू शकते. सोडायचा की नाही, हे तिने ठरवायचे. तेराव्याच्या पंगतीत, डोळे सुजलेले असताना, कोऱ्या कागदावर तिची सही घेणे हे मात्र बरे नव्हे. आमच्या घरी मामींनी तो प्रश्न एका वाक्यात मिटवला. त्या म्हणाल्या, “त्यांनी तिघांना सारखं शिकवलं. कागदावर कशाला कमीजास्त?” चार नावे लागली. मुरबाडची मुलगी घाट चढून आली आणि अर्जावर सही करून, आईजवळ चार दिवस राहून परत गेली.

आता तिसरे काम, कराचे. कर म्हटला की खेड्यातला माणूस म्हणतो, आपला काय संबंध? शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे खरेच आहे. पण आज खेड्यातही निवृत्त शिक्षक आहे, कंडक्टर आहे, पोलीस आहे, लष्करातून आलेला शिपाई आहे. पेन्शन आहे, ठेवीचे व्याज आहे, आणि बँकेने त्यातून आधीच कापून भरलेला करही आहे.

इथे दोन भीती असतात. पहिली भीती अशी, की वारसाने मिळालेल्या मिळकतीवर सरकार वाटा मागेल. १९५३ साली मृत्युकराचा कायदा झाला होता, ही गोष्ट खरी. पण तो फक्त मोठ्या मिळकतींना लागू होता, आणि १९८५ साली तो उठवण्यात आला. आज वारसाने मिळालेल्या मिळकतीवर, केवळ ती मिळाली म्हणून, असा कर नाही. दुसरी भीती अशी, की बापाचा राहिलेला कर मुलाच्या मानेवर बसेल. १९६१ च्या आयकर कायद्याच्या १५९ व्या कलमात याचे उत्तर दिले होते, आणि २०२५ साली संसदेने केलेल्या नव्या कायद्यानेही ते तत्त्व राखले आहे. वारस जबाबदार आहे, पण मृताची मिळकत जेवढी असेल तेवढ्यापुरताच. मिळकत तीन लाखांची आणि कर चार लाखांचा निघाला, तर चौथा लाख वारसाच्या घामातून घेता येत नाही. मात्र कर बाकी आहे हे असताना कोणी ती मिळकत विकून मोकळा झाला, तर तेवढ्यापुरता तो स्वतः अडकतो.

हे तत्त्व आपल्या मातीला नवे नाही. पूर्वी आजोबाच्या कर्जरोख्यापायी नातू सावकाराच्या दारी राबत असे. १८६६ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, की पूर्वजाच्या कर्जासाठी हिंदू वारसाला मिळालेल्या मिळकतीपलीकडे जबाबदार धरू नये. तरीही सावकारी पाश सुटला नाही, आणि १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखेच होळीत घातले. त्या शेतकऱ्याला कायदा वाचून दाखवणारा कोणी भेटला असता तर! आज सोसायटीच्या कर्जाबाबतही हाच न्याय लक्षात ठेवावा, आणि घाबरून कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.

प्रत्यक्षात करायचे काय? आर्थिक वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत. माणूस श्रावणात, म्हणजे ऑगस्टात गेला, तर एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न त्याचे. त्याच्या नावाचे विवरणपत्र त्याच्याच पॅन क्रमांकावर, वारसाने प्रतिनिधी म्हणून भरायचे. त्या दिवसानंतरचे व्याज वारसांचे, आणि ते ज्याने त्याने आपल्या उत्पन्नात धरायचे. यासाठी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर वारसाला कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंद करावी लागते. मृत्यूचा दाखला, मृताचे पॅन कार्ड, वारसाचे स्वतःचे पॅन कार्ड आणि वारस असल्याचा पुरावा एवढे कागद लागतात. मामांच्या ठेवीवर बँकेने कर कापला होता. त्यांचे त्या चार-साडेचार महिन्यांचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत होते. म्हणजे सरकारला देणे काहीच नव्हते, उलट येणे होते. विवरणपत्र भरले नसते तर ते पैसे तसेच राहिले असते. रक्कम फार नव्हती. मामींनी तिच्यात गोठ्यावर चार नवे पत्रे घातले. हे सारे उरकल्यावर मगच पॅन कार्ड परत करावे, आधी नव्हे.

पेन्शनविषयी शिक्षक श्रोत्यांना दोन शब्द. मृत्यूची खबर कोषागाराला आणि बँकेला ताबडतोब द्यावी. कळवायला उशीर झाला तर पुढच्या महिन्याचे पेन्शन खात्यात येऊन पडते. ते आपले नव्हे. मृत्यूनंतरच्या दिवसांचे पैसे परत करावेच लागतात. गेलेल्या माणसाचे यंत्रातले कार्ड आणि गुप्त आकडा घरात कोणाला ठाऊक असतो, आणि अडचणीपोटी कोणी पैसे काढून आणतो. तसे करू नये. त्याऐवजी कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज लगेच करावा. ते विधवेचे हक्काचे आहे, आणि त्याला उशीर झाला तर चूल अडते.

बँकेत नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनी, असेल तर पैसे लवकर मिळतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. आणि कागद पुरे मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. तरी एक समज दूर केली पाहिजे. बँकेतल्या पैशांचा नॉमिनी हा मालक नव्हे. तो पैसे बँकेतून सोडवून आणणारा, वाटा वारसांचाच. बाजारातून सगळ्यांसाठी मीठ-मिरची आणायला एकाला पाठवले, म्हणून पिशवी त्याची होत नाही.

नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल, किंवा वारसांत एकमत नसेल, तर दिवाणी कोर्टाचा दाखला लागतो. येण्याच्या रकमांसाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचा दाखला असतो. शिवाय आपल्या भागात १८२७ सालचा आठवा रेग्युलेशन अजून वापरात आहे, त्याखाली वारसाचा दाखला मिळतो. एल्फिन्स्टनसाहेबाच्या कारकिर्दीतला हा कायदा आजही कोर्टात उभा राहतो, याचे इतिहासाच्या विद्यार्थ्याला कौतुक वाटेल. पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ती चढायची वेळ बहुधा त्यालाच येते, ज्याच्या माणसाने जिवंतपणी काही लिहून ठेवलेले नसते.

आणि कागद ठेवायचे कोठे? आहुप्याच्या वाटेवरच माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि गावाचा मोठा भाग गाडला गेला. १५१ माणसे गेली. त्या दुःखापुढे कागदाची गोष्ट काढणेही जड वाटते. पण जे वाचले त्यांच्यापुढे तीही गोष्ट उभी राहिली. घरे गेली, पेट्या गेल्या, आणि कोणाच्या मागे कोण उरले आहे, हे ठरवूनच पुढचे पाऊल टाकायचे होते. सातबारा, फेरफार, मृत्यूची नोंद यांची मूळ दफ्तरे सरकारात असतात आणि त्यांच्या नकला मिळतात. बँकेच्या पुस्तकाची, विम्याची, पेन्शनच्या आदेशाची एकेक प्रत मात्र आपण होऊन दुसऱ्या गावी, लेकीच्या किंवा भावाच्या घरी ठेवावी. आमच्या डोंगरातल्या लोकांना हे जास्त सांगायला नको.

गावोगावच्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. आपण मुलांना निबंध लिहायला देतो, पत्रलेखन शिकवतो. वरच्या वर्गातल्या मुलांना एकदा सातबारा वाचायला शिकवा. घरचा उतारा आणायला सांगा, आणि त्यावरचे प्रत्येक नाव कोणाचे, ते माणूस आज आहे की नाही, हे त्याला घरी विचारून यायला सांगा. उताऱ्यावर पणजोबा अजून जमीन कसत आहेत, हे मुलाच्या ध्यानात आले की तो घरी गप्प बसणार नाही. वारसाच्या अर्जाचा एक नमुना शाळेच्या फलकावर लावून ठेवा. ज्या घरी सुतक आहे तिथे समाचाराला जाल, तेव्हा निघताना हळूच एवढे विचारा, की ग्रामपंचायतीत नोंद झाली का. विचारण्यात काही कमीपणा नाही. पूर्वी गुरुजी गावाची पत्रे वाचून दाखवत असत, त्यातलेच हे काम आहे.

घरातल्या कर्त्या माणसानेही एक साधी वही करावी. जमीन कोठे, गट कोणता, खाते कोणत्या बँकेत, नॉमिनी कोण, कर्ज किती, विमा कोणता, कोणाचे देणे आणि कोणाचे येणे, हे चार पानांत लिहावे. ती वही कोठे आहे हे बायकोला आणि मुलांना, मुलींनासुद्धा, सांगावे. काही माणसांना वाटते, असे लिहिणे म्हणजे मरणाला बोलावणे. तसे नाही. पेरणीआधी आपण बियाणे बाजूला काढून ठेवतो, त्यात पावसाचा अपमान होत नाही.

माणूस गेल्यावर त्याच्यासाठी आपण पिंड ठेवतो आणि कावळ्याची वाट पाहतो. त्याची एखादी इच्छा राहिली असेल का, असे मनाशी विचारतो. बहुतेकांची इच्छा एकच असते, की मागे राहिलेल्यांचे नीट व्हावे. ते नीट होण्याचा बराचसा भाग या कागदांत आहे. २१ दिवसांत मृत्यूची नोंद, तीन महिन्यांत वारसाची नोंद, आणि वर्षाच्या मुदतीत कराचे विवरणपत्र, एवढे तीन आकडे आपण आज लक्षात ठेवलेत, तरी मी समाधानी आहे. येत्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल, तेव्हा आपल्या जमिनीचा ताजा उतारा काढून पाहा. त्यावर एखादे गेलेले माणूस अजून राबत असेल, तर आता त्याला विसावा द्या, आणि त्याच्या जागी जे हयात आहेत त्या साऱ्यांची नावे लिहा. त्यांत त्याच्या बायकोचे आणि मुलींचे नाव आहे ना, हे मात्र दोनदा पाहा.